आधी लिव्हरचं प्रकरण काढून बघा

कुलूपकामावरचं इंग्रजी पुस्तक उघडलं की सुरुवातीच्या पानांत एक चित्र हमखास भेटतं. मधोमध उभा कापलेला पितळी सिलिंडर, त्यात ओळीने पाच पिना, पिनांच्या डोक्यावर पाच स्प्रिंगा आणि आत सरकवलेली किल्ली. चित्र देखणं असतं आणि खरंही असतं. धाकट्या लायनस येलने १८६१ आणि १८६५ साली पेटंट घेतलेली ही रचना आजही जगभरच्या दारांत जवळपास तशीच बसलेली आहे. पण तेवढ्या चित्राच्या भरवशावर कुणी पुण्याच्या रविवार पेठेत उतरला, तर समोरची बरीच कुलपं त्या चित्रातली नसतात.

दुकानाच्या शटरला दोन्ही टोकांना लोंबतं ते बहुधा लिव्हरचं: गोदरेजचं नवताल, नाहीतर अलीगढहून आलेलं एखादं वजनदार धूड. घरातल्या लोखंडी कपाटाचं कुलूपही बहुतेक लिव्हरचंच. टेबलाचा ड्रॉवर आणि जिन्याखालची पत्रपेटी यांत पातळ पत्र्याचे वेफर असतात. फ्लॅटच्या दाराचं नाइट लॅच पिनांचं खरं, पण नवं असेल तर त्याच्या किल्लीला दात नसतात, सपाट पात्यावर खळगे असतात. आणि अमेरिकन पुस्तकं ज्याच्यावर पानंच्या पानं खर्च करतात तो गोल नॉब, दाराला ५४ मिलिमीटरचं भोक पाडून बसवायचा, तो आपल्याकडे शोधायचा तर बाथरूमच्या दाराला.

म्हणून कुलूपकामाचं पुस्तक निवडायची माझी पहिली चाचणी सोपी आहे. पुस्तक हातात आलं की पिनांचं प्रकरण ओलांडायचं आणि लिव्हरचं काढायचं. तिथे दोन पानांत गुंडाळलेलं असेल तर ते पुस्तक चांगलं असेलही, पण पुण्यात काम शिकणाऱ्याचं पहिलं पुस्तक ते नव्हे.

चांगल्या लिव्हरच्या प्रकरणात काय असावं? लिव्हर म्हणजे एका खिळ्याभोवती वर-खाली होणारी पट्टी. पट्टीत खिडकी, खिडकीत एक अरुंद खाच. बोल्टवरचा, म्हणजे कुलपाच्या सरकत्या दांड्यावरचा, खुंट सगळ्या पट्ट्यांच्या खाचांतून एकाच वेळी गेला तरच बोल्ट सरकतो. एखादी पट्टी कमी उचलली गेली तरी खुंट अडतो आणि जास्त उचलली गेली तरी अडतो. ही ‘जास्त झालं तरी अडेल’ची युक्ती रॉबर्ट बॅरनची, १७७८ सालची. इतकं सगळेच सांगतात. पुढचं सांगतो तो लेखक कामाचा. पिनांच्या कुलपात आपण प्लग, म्हणजे किल्ली शिरते तो आतला फिरता गाभा, फिरवून ताण देतो. लिव्हरमध्ये ताण थेट बोल्टवर द्यावा लागतो, आणि त्याच अरुंद भोकातून दुसऱ्या तारेने एकेक लिव्हर उचलावा लागतो. ताणाची तार जाड हवी. पिनांसाठी वापरतात ती ०.६ मिलिमीटरची पट्टी इथे वाकते, हाताला मिळणारी जाणीव त्या वाकण्यातच हरवते आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलाच हात जड आहे. ताण दिल्यावर जो लिव्हर घट्ट लागतो तो आधी, बाकीचे नंतर, हा क्रम का तयार होतो याचं कारण पुस्तकात हवं: खुंट आणि लिव्हर कधीच शंभर टक्के समांतर बनत नाहीत, त्यामुळे भार एका वेळी एकाच पट्टीवर जास्त येतो. काही कुलपांत खिडकीच्या कडेला खोट्या खाचा कोरलेल्या असतात आणि खुंट त्यात अडकून बसतो. ‘सगळे बसले, तरी उघडत नाही’ असं होतं ते यामुळे. हा प्रसंग ज्या पुस्तकात नाही, त्याच्या लेखकाने लिव्हरची कुलपं फार उघडलेली नाहीत असं खुशाल समजावं.

जाता जाता, सात लिव्हर म्हणजे सहापेक्षा भारी, हा आपल्याकडचा ठाम समज आहे. दुकानदारही तसंच विकतो. आकडा महत्त्वाचा आहेच, पण प्रत्येक खाच खुंटापेक्षा किती रुंद ठेवली आहे ते जास्त महत्त्वाचं. सैल खाचांचे आठ लिव्हर घट्ट खाचांच्या सहांपुढे काहीच नाहीत. पुस्तकाने हे आकृती काढून दाखवलेलं असावं.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘किल्लीशिवाय कुलूप उघडणं’ आणि ‘कुलूपकाम’ ही दोन वेगळी शिक्षणं आहेत आणि पुस्तकंही दोन वेगळ्या घरांतली असतात. पहिलं घर छंदाचं. १९९१ साली टेड द टूल या टोपणनावाने निघालेलं ‘एमआयटी गाइड टू लॉक पिकिंग’ हे या घरातलं सर्वांत गाजलेलं पुस्तक. पुस्तक कसलं, पुस्तिकाच. पिना एकदम न अडकता एकेक करून का अडकतात हे ते फार नेटकं समजावतं, त्यासाठी वाचावंच. पण नाइट लॅच दारावर कसं बसवायचं, झिजलेल्या किल्लीवरून नवी कशी काढायची, पावसाळ्यात फुगलेल्या दाराचं काय करायचं, हे तिथे शोधू नये. ते त्याचं कामच नाही. दुसरं घर धंदेशिक्षणाचं. ही पुस्तकं जाडजूड असतात, गद्य रटाळ असतं, आणि पोट भरणारं सगळं त्यांच्यात असतं. एकच घ्यायचं असेल तर मी रटाळ घ्यायला सांगेन.

किल्लीवाल्याच्या पेटीकडे नीट पाहिलं तरी हे पटतं. फुटपाथवर बसलेल्या माणसाच्या पेटीत पिकांचा, म्हणजे किल्लीशिवाय कुलूप उघडायच्या तारांचा, संच क्वचित दिसतो. दिसतात कानशी, कोऱ्या किल्ल्यांचा जुडगा, एक छोटा व्हाइस, पक्कड. किल्ली हरवलेल्या गिऱ्हाइकाला कुलूप उघडूनही हवं असतं आणि किल्लीही हवी असते. ठसा घेऊन किल्ली घासली की दोन्ही कामं एका फेरीत होतात. म्हणून ठशाच्या प्रकरणाला मी लिव्हरइतकंच वजन देतो, आणि पुस्तक पारखताना ते ओळ न् ओळ वाचतो.

त्या प्रकरणात निदान एवढं हवं. कोरी किल्ली बरोबर आडव्या छेदाची आणि शक्यतो पितळेची. निकेल सिल्व्हर कठीण असल्याने त्यावर खूण उमटायला वेळ लागतो. पात्याची वरची कड बारीक कानशीने, स्विस चार नंबरच्या, घासून तुळतुळीत करायची. जाड कानशीचे ओरखडे राहिले तर पिनेची खूण त्यातच बुडून जाते, आणि नवशिक्याचं पहिलं अपयश बहुतेक वेळा इथेच असतं. मग किल्ली मुठीत धरायच्या पकडीने घट्ट धरून आत घालायची, अडेपर्यंत फिरवायची, तो ताण तसाच ठेवून वर-खाली हलकं डोलवायचं, उलट दिशेनेही तेच. बाहेर काढून भिंगाखाली तिरप्या उजेडात पाहायची. ट्यूबलाइटच्या सरळ उजेडात काहीच दिसत नाही. खिडकीपाशी बसून किल्ली बोटांत फिरवावी लागते. खूण म्हणजे मोहरीच्या दाण्याहून बारीक, मंद ठिपका. लांबीच्या दिशेने गेलेली रेघ ही खूण नव्हे, ती भोकाच्या कडेने पाडलेली असते. जिथे ठिपका आहे तिथेच कानशीचे दोन-तीन हलके हात. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. एखाद्या जागी खूण उमटायची थांबली की ती जागा सोडून द्यायची. तिथे ‘अजून एक हात’ मारला की खोली पुढे जाते, गेलेलं पितळ परत येत नाही, आणि नवी कोरी किल्ली घेऊन पहिल्यापासून सुरुवात. फार जोर लावला तर पातं खाचेपाशी तुटतं आणि तुटका तुकडा आत राहतो. तो बाहेर कसा काढायचा हे याच प्रकरणात असलं पाहिजे, चाळीस पानं पुढे नव्हे.

लिव्हरच्या कुलपाला हीच पद्धत जरा बदलून लागते. मेणबत्तीवर धरून किल्लीच्या टोकाशी काजळी चढवायची, आत फिरवायची, लिव्हरनी जिथे काजळी पुसली तिथे पातळ चपट्या कानशीने चौकोनी पायरी पाडायची. पायरी लिव्हरच्या जाडीएवढीच हवी. रुंद झाली तर शेजारच्या लिव्हरची उंची बिघडते. हे वाक्य ज्या पुस्तकात सापडेल त्याची किंमत बघू नका, घेऊन टाका.

मापांचे तक्ते हा पुस्तक पारखण्याचा आणखी एक मार्ग. उदाहरणार्थ अमेरिकेतल्या श्लेग कुलपांच्या किल्लीच्या खाचांना दहा ठरावीक खोल्या (किती खोल कापायचं त्याची मापं) असतात, शून्य ते नऊ. शून्य म्हणजे पात्याच्या तळापासून ८.५१ मिलिमीटर, पुढची प्रत्येक पायरी ०.३८१ मिलिमीटरने खाली, नऊ म्हणजे ५.०८. दोन खाचांमधलं अंतर ३.९७. शेजारच्या दोन खाचांत सातपेक्षा जास्त पायऱ्यांचा फरक चालत नाही, कारण मधला उतार तेवढ्या जागेत मावत नाही. दहा खोल्या आणि पाच पिना म्हणजे कागदावर एक लाख किल्ल्या, पण असे नियम लावत गेलं की आकडा बराच उतरतो. मंडईतून आणलेल्या कुलपाला या तक्त्याचा थेट उपयोग काही नाही. तरीही तक्ते असलेलं पुस्तक मी वरचं मानतो, कारण तक्ता कसा बनतो ते कळलं की आपल्याकडच्या कुलपाचा तक्ता आपल्याला काढता येतो. एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलच्या पाच-सहा मूळ किल्ल्या मिळवा. नकला नकोत, मूळच. ०.०२ मिलिमीटर वाचणाऱ्या व्हर्नियरने तळापासून प्रत्येक खाचेची उंची मोजा आणि वहीत मांडा. आकडे विखुरलेले येत नाहीत, ठरावीक उंचींपाशी गोळा होतात. दोन गोळ्यांमधलं अंतर म्हणजे त्या कारखान्याची पायरी. नकलेवरून नक्कल, तिच्यावरून आणखी नक्कल काढलेली किल्ली का अडखळते याचं उत्तरही त्याच वहीत मिळतं: प्रत्येक नक्कल थोडी चुकते आणि चुकांची बेरीज पायरीच्या जवळ पोहोचते. झिजक्या किल्लीची हुबेहूब नक्कल काढणारा झिजेचीही नक्कल काढतो. तक्ता असणारा मूळ आकडा ओळखून ताजी किल्ली कापतो.

सिलिंडर खोलून पिना बदलण्याचं प्रकरण तपासायला मी एकच प्रश्न विचारतो: प्लग बाहेर काढण्यापूर्वी किती फिरवायचा? चांगलं पुस्तक सांगतं की चालू किल्लीने वीस-तीस अंश, आणि कारणही सांगतं. सरळ ठेवून ओढला तर पुढच्या भोकावरच्या वरच्या पिना प्लगच्या मागच्या भोकांत पडत जातात आणि प्लग अडकतो. अर्धा फेरा दिला तर पिना किल्लीच्या फटीत उतरतात, तीच गत. मागून प्लगच्याच व्यासाची दांडी ढकलत न्यायची, प्लग आणि दांडी यांच्यात फट पडू द्यायची नाही. केसभर फटीतूनही स्प्रिंग उडते आणि ती थेट कपाटाखाली जाते. लाकडी दांडी लेथवर व्यासाला उतरवून घेतली तरी चालते. खाली जुना टॉवेल पसरायचा, पिना ज्या क्रमाने निघाल्या त्या क्रमाने अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवायच्या. नव्या पिना किंचित उंच वाटल्या म्हणून प्लगचा माथाच कानशीने सपाट करा, असा सल्ला देणारी पुस्तकं आहेत. ती परत ठेवून द्यावीत. माथा घासला की सगळ्याच पिनांना मोकळीक मिळते, कुलूप भलत्या किल्लीलाही दार उघडू लागतं.

‘असली पुस्तकं चोरांना शिकवतात’ हा आक्षेप घरातूनच येतो, पुस्तक पोस्टाने आल्याच्या दिवशी. तो जुना आहे. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन माणसाने चब कंपनीचं ‘डिटेक्टर’ कुलूप पंचवीस मिनिटांत उघडलं. नंतर ब्रामा या लंडनच्या कुलूपकाराच्या दुकानात १७९० पासून दोनशे गिनींच्या आव्हानासह मांडलेलं कुलूपही त्याने उघडलं, सोळा दिवसांत विभागलेल्या पन्नासहून अधिक तासांत. बोभाटा झाला, आणि दोनच वर्षांनी चार्ल्स टॉमलिन्सनने संपादित केलेल्या कुलपांवरच्या पुस्तकात या आक्षेपाला उत्तर छापून आलं: चोरांना हे आधीच ठाऊक असतं, अंधारात असतात ते कुलूप विकत घेणारे.

आपल्या वर्तमानपत्रांची भाषाही तेच सांगते. बंद फ्लॅटच्या बातमीत शब्द येतात ते ‘कडीकोयंडा उचकटून’. चोर पिना मोजत बसत नाही, कटावणी लावतो. त्यामुळे दाराबद्दल न बोलणारं पुस्तक अर्धवटच. कोयंडा पाऊण इंची स्क्रूंवर लाकडात बसवलेला असेल तर त्यात लटकवलेल्या आठ लिव्हरच्या कुलपाला काय अर्थ? दारातून आरपार बोल्ट, आतून वॉशर आणि नट, ही दुरुस्ती कुलपापेक्षा स्वस्त पडते. नव्या फ्लॅटांत मॉर्टाइज, म्हणजे दाराच्या जाडीत कोरून बसवलेल्या, कुलपात युरो छेदाचा सिलिंडर असतो. मधोमध जिथे त्याला धरणारा एम-५ स्क्रू जातो तिथेच तो सर्वांत बारीक असतो, आणि बाहेर लांब डोकावत असेल तर पक्कडीत धरून तिथेच मोडतो. बाहेरच्या पट्टीपासून दोन-तीन मिलिमीटरहून जास्त पुढे येऊ देऊ नये. लांबी निवडताना दाराची जाडी, अधिक दोन्ही बाजूंच्या पट्ट्या, आणि मधल्या स्क्रूपासून दोन्हीकडे वेगवेगळं माप, असं मोजायला शिकवणारं पुस्तक हवं. हा भाग परदेशी पुस्तकात नसेल तर भारतीय मानक ब्यूरोची मानकं उघडावीत: टांगत्या कुलपांसाठी आयएस २७५, दाराच्या पृष्ठभागावर बसणाऱ्या रिम लॅचसाठी आयएस १०१९, उभ्या मॉर्टाइजसाठी आयएस २२०९. नावनोंदणी केली की ती फुकट उतरवता येतात. वाचायला रूक्ष आहेत, मापांना पक्की आहेत.

कायद्याचं पान मात्र परदेशी पुस्तकातून घेऊच नये. तिथे अमेरिकेतल्या एकेका राज्याचे नियम दिलेले असतात. आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१चं कलम १२२ लक्षात ठेवण्यासारखं आहे: सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं साधन योग्य कारणाशिवाय जवळ सापडणं हाच गुन्हा ठरतो. तेव्हा सरावाचा संच घरातच ठेवावा, दुचाकीच्या डिकीत नाही. सरावही स्वतःच्या, आणि वापरात नसलेल्या कुलपावर. वापरातल्या कुलपात पीक घातलं की पिनांची टोकं घासतात, स्प्रिंग वाकते, आणि रात्री साडेदहाला दार उघडत नाही.

आवृत्तीचं साल बघा, पण त्याचा बाऊ करू नका. लिव्हर आणि पिना यांचं पन्नास वर्षांपूर्वीचं गद्य आजही चालतं. गाड्यांच्या किल्ल्यांचं नाही. किल्लीत चिप आल्यापासून पातं बरोबर कापलं तरी इंजिन सुरू होत नाही, आणि १९९०च्या आधीच्या पुस्तकात याचा उल्लेखच नसतो. गाड्यांचं काम करायचं असेल तर त्याला वेगळं पुस्तक, आणि पुस्तकापेक्षा वेगळं यंत्र लागतं. चित्रांच्या बाबतीत मी फोटोंपेक्षा रेघांच्या आकृत्यांच्या बाजूचा आहे. पितळ पितळावर ठेवून काढलेल्या काळ्यापांढऱ्या फोटोत लिव्हर कुठे संपला आणि बोल्ट कुठे सुरू झाला ते छापणाऱ्यालाही कळत नसावं.

तेलाचं पान शेवटी बघतो, पण बघतोच. ‘कुलपात तेल सोडा’ एवढंच लिहिलं असेल तर लेखकाने धूळ पाहिलेली नाही. पिनांच्या सिलिंडरमध्ये तेल आणि धूळ मिळून चिखल होतो. तिथे ग्राफाइटची कोरडी भुकटी, तीही चिमूटभर. आधी तेल पडलेलं असेल तर ते धुऊन सुकवल्यावरच, नाहीतर दोघांची काळी लापशी होते. आणि आपल्या घरोघरचा उपाय म्हणजे खोबरेल. ते चोवीस अंशांच्या आसपास थिजतं. डिसेंबरातल्या पुण्याच्या पहाटे बाटलीत जे दिसतं तेच कुलपात झालेलं असतं, आणि दुपारी किल्लीवाला येईपर्यंत उन्हाने कुलूप आपोआप सुरू होतं. हे परदेशी पुस्तकात असणार नाही. समासात आपणच लिहून ठेवायचं.

पुस्तक घरी आल्यावर पहिला खर्च पिकांच्या संचावर करू नये. जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी जावं. किल्ली हरवलेली कुलपं तिथे ढिगात पडलेली असतात. गंजून गोळा झालेलं नको, दांडी किंचित हलती असलेलं बघा. घरी आणून रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवा. सकाळी रिव्हेटची डोकी शोधा. ती बहुतेकदा इतकी सपाट घासलेली असतात की बोटाला लागत नाहीत, उजेडात तिरपं धरल्यावर फिकट वर्तुळं दिसतात. ती कानशीने किंवा ड्रिलने उतरवा, वरचा पत्रा उचला, आणि लिव्हर मोजण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण स्प्रिंगा कोणत्या बाजूला टेकल्या होत्या ते दुसऱ्या मिनिटाला आठवत नाही. मग शेजारी पुस्तकातलं लिव्हरचं पान उघडून ठेवा आणि खुंट, खाच, खिडकी एकेक करून आकृतीवर बोट ठेवत जुळवत जा. अंगठ्याने सगळे लिव्हर एकदम उचलून दुसऱ्या हाताने बोल्ट ढकलून बघा. जिथे अडेल तिथे पट्टी किती जास्त किंवा किती कमी उचलली गेली आहे ते उघड्या डोळ्यांना दिसतं.